किबिताकी ओळखताना: आधी जागा, मग महिना, शेवटी नाव

मे महिन्याचा दुसरा आठवडा. नागानो प्रांतातलं कारुइझावा हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे पहाटे साडेपाचला पक्षिवनात शिरताना अजून स्वेटर लागतो. लार्चच्या सूचिपर्णी झाडांना कोवळी पालवी फुटलेली असते. अशात डोक्यावरच्या फांद्यांतून आवाज येतो, ‘त्सुकू-त्सुकू, त्सुकू-त्सुकू’. जपानमध्ये चार वर्षं काढलेल्या कुणालाही हा आवाज ओळखीचा वाटेल, कारण त्सुकुत्सुकुबोशी नावाचा सिकाडा कीटक असाच ओरडतो. पण तो ओरडतो उन्हाळा सरताना, ऑगस्ट-सप्टेंबरात. मेमध्ये हा आवाज झाडावरून आला, तर तो किबिताकीचा.

किबिताकी म्हणजे पूर्व आशियातला स्थलांतर करणारा, चिमणीपेक्षा लहान, जेमतेम १३ सेंटिमीटरचा गाणारा माशीमार. ‘कि’ म्हणजे पिवळा आणि ‘हिताकी’ म्हणजे माशीमार. शास्त्रीय नाव फिसेड्युला नार्सिसिना. नार्सिसिना, म्हणजे नर्गिसच्या फुलाच्या रंगाचा. नराचा गळा पाहिला की नाव पटतं: नर्गिसच्या मधल्या वाटीसारखा केशरी-पिवळा, खाली फिकट होत होत पोटाशी पांढरा.

हा लेख कुठलाही स्थलांतरित पक्षी कुठे राहतो आणि वर्गीकरणात कुठे बसतो, हे स्वतः कसं तपासायचं याबद्दल आहे. उदाहरणाला किबिताकी घेतला, कारण त्याच्या भावकीत आतापर्यंत बरीच उलथापालथ झाली आहे आणि त्या प्रत्येक वेळी चूक नेमकी कुठे झाली, ते आज स्पष्ट दिसतं. तोक्योत, विशेषतः निशिकासाई भागात, आता मराठी घरं बरीच आहेत. तिथून चालत जाता येईल अशा कासाई रिन्काई उद्यानात हा पक्षी वर्षातून दोनदा उतरतो. त्यामुळे यातलं बरंचसं प्रत्यक्ष करून पाहण्यासारखं आहे.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द कुणी एका अर्थाने वापरतं, कुणी दुसऱ्या. मी इथे कूळ, त्याच्या आत वंश, त्याच्या आत जात आणि तिच्या आत उपजात, असे चारच शब्द वापरणार आहे. किबिताकीचं कूळ माशीमारांचं, म्हणजे मस्किकॅपिडी. वंश फिसेड्युला.

पहिली पायरी: नाव न लिहिता नोंद करा

वहीत पहिल्या ओळीत तारीख, वेळ, ठिकाण, उंची. दुसऱ्या ओळीत झाड कोणतं आणि पक्षी झाडाच्या कुठल्या मजल्यावर होता ते. तिसरीत आवाज, जसा ऐकू आला तसा, देवनागरीत. देवनागरीत पक्ष्यांचे आवाज फार चांगले उतरतात, ही आपली मोठी सोय आहे. मग पिसाऱ्याचं वर्णन, चोचीपासून शेपटीपर्यंत. नावासाठी समास मोकळा सोडा.

हा हट्ट का, ते सांगतो. एकदा नाव लिहिलं की डोळा ते नाव खरं करायला लागतो. मार्चच्या शेवटी जपानच्या अगदी दक्षिणेकडच्या इशिगाकी बेटावर, बान्ना उद्यानाच्या झाडीत मला एक नर दिसला होता. गळा पिवळा, भुवई पिवळी, पण पाठ काळी नव्हती. गडद शेवाळी होती. मी लगेच लिहिलं: ‘किबिताकी, तरुण नर, उत्तरेकडे वाटेवर.’ उरलेलं वर्णन लिहिलंच नाही, कारण प्रश्न सुटला असं वाटलं होतं. पुढच्या जानेवारीत त्याच वाटेवर, जवळजवळ त्याच झाडावर, पुन्हा तसाच शेवाळी पाठीचा नर. जानेवारीत किबिताकी बोर्निओत किंवा फिलिपिन्समध्ये असायला हवा. इथे असला तर तो या बेटाचाच रहिवासी, आणि मग तो किबिताकी नव्हे. चूक रंगाने दाखवली नाही, महिन्याने दाखवली.

दुसरी पायरी: नकाशा महिन्यांत वाचा

पुस्तकातल्या नकाशात साधारण तीन रंग असतात: विणीचा प्रदेश, हिवाळी प्रदेश आणि मधली वाट. तिन्ही मिळून ‘पक्षी इथे राहतो’ असं वाचणं ही नवशिक्याची नेहमीची गफलत. त्याऐवजी कागदावर बारा रकाने काढा आणि पक्षी त्या महिन्यात कुठे असेल ते भरा. किबिताकीचा तक्ता असा भरतो:

एप्रिलच्या उत्तरार्धात तो क्यूशू, शिकोकू आणि होन्शूत पोहोचतो, त्यानंतर होक्काइडोत. विणीचा प्रदेश म्हणजे ही चार मोठी जपानी बेटं, त्यापलीकडे साखालिन आणि कुरील साखळीतली दक्षिणेकडची बेटं. मे ते जुलै-ऑगस्ट वीण. घरटं झाडाच्या ढोलीत किंवा सालीमागच्या खोबणीत. त्यामुळे जुनी झाडं असलेलं पानगळीचं किंवा मिश्र जंगल लागतं. नुसती हिरवी बाग चालत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात परत निघतो. हिवाळा बोर्निओ, फिलिपिन्स, हैनान या भागात. जाता-येता कोरिया, चीनचा पूर्व किनारा, तैवान आणि र्‍युक्यू बेटं लागतात. सापोरोपासून बोर्निओचं उत्तर टोक सरळ रेषेत साडेचार हजार किलोमीटरहून दूर आहे.

आता कासाई रिन्काईत २८ एप्रिलला दिसलेला नर घ्या. तो गात असेल, एक-दोन दिवस थांबेलही. तरी तो त्या उद्यानाचा नाही, वाटसरू आहे. जूनच्या मध्यावर, चोचीत अळी धरून पुन्हा पुन्हा एकाच ढोलीकडे जाणारा पक्षी दिसला तर मात्र ती विणीची नोंद. ई-बर्डसारख्या ऑनलाइन नोंदवहीत टिंबांचा नकाशा उघडाल तेव्हा महिन्याची चाळणी लावल्याशिवाय काही ठरवू नका. सगळ्या महिन्यांचा नकाशा एकत्र पाहिला तर किबिताकी अर्ध्या पूर्व आशियात वीण घालतो असं वाटेल. फक्त जून निवडा. नकाशा आक्रसून जपानवर येतो, आणि तेच त्याचं घर.

नोंदींच्या नकाशात माणसंही दिसतात, हे विसरू नका. नोतो द्वीपकल्पासमोरच्या हेगुराजिमा या लहानशा बेटावर टिंबांची गर्दी दिसते. स्थलांतराच्या दिवसांत थकलेले पक्षी समुद्रातल्या त्या एकुलत्या झाडीत उतरतात, आणि तेच पाहायला पक्षिनिरीक्षकही बोटीने तिथे पोहोचतात. उलट साखालिनच्या जंगलात टिंबं विरळ, कारण तिथे वही घेऊन जाणारे थोडे.

तिसरी पायरी: वय आणि लिंग ठरवा, त्याआधी जात ठरवू नका

या पायरीवर थोडा वेळ थांबू, कारण या वंशात सगळ्यात मोठी चूक इथेच झाली, आणि ती आपल्यासारख्या हौशी माणसांकडून नव्हे.

चीनच्या उत्तर भागात, हेबेई, बीजिंगच्या डोंगरपट्ट्यात आणि शान्सीत, किबिताकीचा एक नातलग वीण घालतो: फिसेड्युला एलिसी. जर्मन पक्षितज्ज्ञ ह्यूगो वायगोल्ड यांनी १९२२ मध्ये त्याचं वर्णन केलं. हेच वायगोल्ड हेल्गोलँड बेटावरच्या प्रसिद्ध पक्षिवेधशाळेचे संस्थापक. एलिसीच्या नराची पाठ शेवाळी हिरवी, खालची बाजू सगळी पिवळी, आणि लांब भुवईऐवजी डोळ्यासमोर पिवळा पट्टा, चष्म्याची कडा असावी तसा.

२००० साली बीजिंगजवळच्या जंगलातून एका नव्या माशीमाराचं वर्णन प्रसिद्ध झालं: फिसेड्युला बीजिंग्निका. राजधानीच्या वेशीवर पक्ष्याची नवी जात सापडली, म्हणून त्याचं अप्रूप मोठं. मादीसारख्या फिक्या, हिरवट रंगाचे नर, पण गाणारे आणि जोडी जमवणारे. गाणंही जवळच्या एलिसीच्या प्रौढ नरांपेक्षा वेगळं. रंग वेगळा, गाणं वेगळं, वीण होते आहे. जात वेगळी म्हणायला एवढं पुरेसं वाटणं साहजिक होतं.

पण ते एलिसीचेच तरुण नर होते. या जातीत नराला प्रौढ पिसारा चढायला वेळ लागतो. पहिल्या विणीच्या हंगामात तो मादीच्या रंगातच राहतो, तरी गातो आणि जोडीही जमवतो. गाणंही वयाबरोबर बदलतं. २००६ मध्ये टिल ट्योप्फर यांनी संग्रहालयांतले नमुने नव्याने तपासले आणि दोन गोष्टी मांडल्या: बीजिंग्निका हे एलिसीच्या तरुण नरांना दिलेलं नाव आहे, आणि एलिसी स्वतः मात्र किबिताकीची उपजात नसून वेगळी जात आहे. एका फटक्यात एक जात गेली आणि दुसरी पक्की झाली. आज जागतिक याद्या तेच मानतात.

यातून वहीत करायची गोष्ट साधी आहे. गाणारा फिकट पक्षी दिसला की ‘मादी’ लिहू नका आणि ‘नवीन काहीतरी’ही लिहू नका. ‘मादीच्या रंगाचा, गातो’ एवढंच लिहा. मग पंखांची लांब पिसं पाहा. किबिताकीत तरुण नर वेगळ्या तऱ्हेने ओळखू येतो: अंगावर काळा-पिवळा रंग चढलेला असतो, पण पंखांची पिसं तपकिरी, झिजलेली राहिलेली असतात. नव्या सदऱ्यावर जुनं जाकीट घालावं तसं दिसतं. दुर्बिणीतून एकदा हे पाहिलंत की विसरत नाही.

माद्यांपुढे मी अजूनही सावकाश जातो. किबिताकीची मादी वरून तपकिरी-शेवाळी, शेपटीकडे किंचित तांबूस, आणि कमरेवर पिवळा नाही. तो शेवटचा मुद्दा पुढच्या पायरीत कामी येईल.

चौथी पायरी: भावकी समोर मांडा

जवळचे चौघे आहेत. त्यांची तुलना करताना सगळं एकदम पाहू नका; नर समोर असेल तर भुवई, पाठ, कंबर या क्रमाने जा.

भुवई पांढरीशुभ्र असेल तर काम संपलं. तो फिसेड्युला झँथोपायजिया, पिवळ्या कमरेचा माशीमार. त्याचं घर आशियाच्या मुख्य भूमीवर: पूर्व मंगोलिया, ईशान्य चीन, कोरिया, रशियाचा अतिपूर्व भाग. हिवाळ्यात मलाया, सुमात्रा, जावा. जपानी लोक त्याला मामिजिरो-किबिताकी म्हणतात, म्हणजे पांढऱ्या भुवईचा किबिताकी. जपानमध्ये तो क्वचित, बहुतेक स्थलांतराच्या दिवसांत भेटतो. याच्या मादीचीही कंबर पिवळी असते. किबिताकीच्या मादीपासून ती याच खुणेवर वेगळी काढायची.

भुवई पिवळी, लांब, आणि पाठ काळीकुळकुळीत: किबिताकी. पंखावर पांढरा डाग ठळक.

भुवई जवळजवळ नाहीच, डोळ्यासमोर पिवळा पट्टा, पाठ हिरवी, पोट शेपटीपर्यंत पिवळं: एलिसी. हिवाळ्यात हा थायलंडचा दक्षिण भाग, मलाया द्वीपकल्प आणि सिंगापूर इकडे उतरतो. म्हणजे किबिताकी बेटांच्या बाजूने दक्षिणेला जातो आणि एलिसी मुख्य भूमीच्या बाजूने. सिंगापुरात डिसेंबरात हिरव्या पाठीचा नर भेटला तर हे लक्षात ठेवा.

चौथा तो, ज्याने मला इशिगाकीला चकवलं: फिसेड्युला ओस्टोनी. याचं वर्णन हार्वर्डच्या संग्रहालयातले आउट्रम बँग्ज यांनी १९०१ मध्ये केलं. नाव दिलं अ‍ॅलन ओस्टन यांचं. ओस्टन हे योकोहामाचे इंग्रज व्यापारी. जगभरच्या संग्रहालयांना ते पूर्व आशियातले प्राणी-पक्षी पुरवत. हा पक्षी र्‍युक्यू साखळीत, अमामीपासून इशिगाकी-इरिओमोतेपर्यंतच्या सदाहरित दमट जंगलात बारा महिने राहतो. नर वरून गडद शेवाळी, भुवई आखूड, पंखावरचा पांढरा डाग लहान.

हा किबिताकीपासून वेगळा का मानायचा? बराच काळ तो त्याची उपजातच धरला जायचा. आज मुख्य याद्या वेगळी जात धरतात, आणि त्यामागचं एक कारण आपण रानात उभं राहूनही पाहू शकतो: पंख. लांब प्रवास करणाऱ्या पक्ष्याचा पंख लांब आणि टोकदार असतो. घरीच राहणाऱ्याचा आखूड आणि गोलसर. बसलेल्या पक्ष्याचे मिटलेले पंख बाजूने पाहा. पंखाचं टोक शेपटीवर किती दूरवर येतं? किबिताकीत ते बरंच मागे पोहोचतं, ओस्टोनीत आखूड पडतं. छायाचित्र काढायचं तर हे बाजूचं काढा. समोरून काढलेला पिवळा गळा सुंदर दिसतो, पण वर्गीकरणाला त्याचा उपयोग कमी.

अडचणीचे महिने कोणते, ते तक्त्यावरून तुमच्याच लक्षात येईल. एप्रिल आणि ऑक्टोबरात र्‍युक्यू साखळीतल्या ओकिनावात दोन्ही असू शकतात: एक रहिवासी, एक वाटसरू. त्या दिवसांत फक्त ठिकाणावरून नाव देऊ नका. जून आणि जानेवारीत ठिकाणच पुरेसं बोलकं असतं.

पाचवी पायरी: नावामागचा कंस वाचा

यादीत किबिताकीचं नाव असं येतं: फिसेड्युला नार्सिसिना (टेमिंक, १८३६). हा कंस शोभेचा नाही. ज्याने पहिलं वर्णन केलं त्याने पक्षी ज्या वंशात ठेवला होता, त्या वंशातून तो पुढे हलवला गेला, असा त्याचा अर्थ. कंस नसता तर वंश तोच राहिलाय असं समजायचं. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयाचे पहिले संचालक कोनराड याकोब टेमिंक यांनी तो ‘म्युस्किकापा’ या वंशात ठेवला होता. शब्दशः माशी पकडणारा. त्या काळी जपानमधून युरोपला जायची वाट एकच होती, नागासाकीच्या देजिमा बेटावरची डच वखार. म्हणून जपानच्या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन लायडनला झालं.

पहिला नमुना कुठे मिळाला होता, हेही शोधा. पिवळ्या कमरेच्या माशीमाराचं १८४५ मधलं पहिलं वर्णन मलाक्काच्या नमुन्यावरून झालं, म्हणजे हिवाळी मुक्कामातल्या पक्ष्यावरून. नाव मिळालं, तेव्हा त्याची वीण कुठे होते ते त्यात नव्हतं. जुन्या नावात विणीचं घर शोधायला जाऊ नका.

सहावी पायरी: याद्या एकमेकींशी ताडून पाहा

अनेक वर्षं जगात पक्ष्यांच्या चार मोठ्या याद्या शेजारी शेजारी चालत होत्या आणि एकाच पक्ष्याला एकीत जात, दुसरीत उपजात म्हणत. २०२५ मध्ये एकत्रित ‘एव्हीलिस्ट’ आली. तिच्या पहिल्या आवृत्तीत ११,१३१ जाती आहेत. आता काम सोपं झालं, तरी तुमच्या कपाटातलं पुस्तक जुनं असेल. त्यात ‘नार्सिसिना’खाली एलिसी आणि ओस्टोनी या उपजाती छापलेल्या असतील, आणि नकाशा तिघांचा मिळून एकच असेल. अशा पुस्तकाच्या समासात पेन्सिलने तीन वेगळे प्रदेश काढून ठेवा. मी काढले आहेत, आणि सगळ्यात जास्त तेच पान उघडतो.

आवाजासाठी झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर चौघांची गाणी एकामागोमाग ऐका, पण घरी, कानात घालून. विणीच्या दिवसांत जंगलात रेकॉर्डिंग वाजवून नराला बोलावू नये. परका नर आला समजून तो हद्द राखायला धावत सुटतो आणि घरट्याचं काम बाजूला राहतं. घरट्याचं नेमकं ठिकाणही जाहीर नोंदीत टाकू नका.

महाराष्ट्रात सराव

जपानला जायची गरज नाही. याच फिसेड्युला वंशाचे दोन पक्षी हिवाळ्यात भारतात येतात आणि त्यांची कथाही तशीच आहे. तांबड्या गळ्याचा माशीमार, फिसेड्युला पार्वा, ऑक्टोबरनंतर सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, शहरातल्या जुन्या आंबराईतही भेटतो. शेपटी वर झटकतो आणि ‘टर्रर्र’ असा कोरडा आवाज काढतो. पूर्वी त्याची उपजात धरला जाणारा तैगा माशीमार, फिसेड्युला अल्बिसिला, आता वेगळी जात आहे. तो सैबेरियाकडून येतो आणि भारताच्या पूर्व भागात जास्त दिसतो.

इथेही आधी महिना. पार्वाचा प्रौढ नर तांबडा गळा हिवाळाभर ठेवतो. अल्बिसिलाचा नर तो हिवाळ्यात गमावतो आणि परत निघायच्या आधी पुन्हा मिळवतो. म्हणून डिसेंबरात ठळक तांबडा गळा दिसला तर पार्वाकडे झुका. गळा तांबडा नसला, म्हणून पक्षी मादीच आहे असं धरू नका. पार्वाचा तरुण नर पहिल्या हिवाळ्यात मादीसारखाच असतो. गळा सोडा आणि चोच पाहा: पार्वाच्या खालच्या चोचीचा बुंधा फिका, अल्बिसिलाची चोच जवळजवळ सगळी काळी. शेपटी वर झटकली की तिच्या मुळावरची वरची पिसं पाहा. अल्बिसिलात ती शेपटीपेक्षाही काळी दिसतात.

फेब्रुवारीच्या शेवटी दोघांचेही गळे तांबडे असू शकतात. तेव्हा तांबड्या रंगाची कड पाहा. अल्बिसिलात तो रंग गळ्यापुरताच, आणि भोवती राखाडी पट्टा. पार्वात तो छातीवर उतरतो. पक्षी फांदीवर दोन सेकंद थांबेल, मग माशीमागे झेपावेल आणि बहुतेक वेळा जवळपासच्याच फांदीवर परतेल. दुर्बीण त्या फांदीवरच रोखून ठेवा.